बामणोलीची म्हैस

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला गेलो ते ऐन मार्चात. फुलं बघणाऱ्यांनी वेड्यात काढावं असेच दिवस. पठार करपलेलं, जांभा तव्यासारखा तापलेला. भाचीला सध्या समुद्रगायींनी, म्हणजे पाण्यात राहून गवत खाणाऱ्या सस्तन प्राण्यांनी, झपाटलंय. "मामा, इथं एखादं हाड मिळेल?"

मिळायचं नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जमैकात सापडलेली चार पायांची समुद्रगाय, पेझोसायरन, तिचं वय सुमारे ५ कोटी वर्षं, म्हणजे दगड तिच्याही आधीचा. हाडं हवीत तर कच्छ गाठावं. तिथल्या उथळ समुद्रात २ कोटी वर्षांपूर्वी समुद्रगायींच्या तीन जाती एकत्र चरत. आकार वेगळा, सुळे वेगळे, त्यामुळे ताटात फार भांडण नसावं.

बामणोलीच्या धक्क्यावर मात्र उत्तर पाण्यातच बसलं होतं. शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, एक म्हैस. वर फक्त शिंगं आणि नाकपुड्या. फुर्रकन श्वास सोडला की पाण्यावर तवंगासारखं वर्तुळ उठायचं. जबड्यातून गवताची ओली पात लोंबत होती.

"बघ," म्हटलं, "पेझोसायरन साधारण असंच करत असणार." तिला जमिनीवर नीट चालता यायचं, पण नाकपुड्या मागे सरकलेल्या आणि फासळ्या जाड, भरीव. पाण्यात तरंगत वर येऊ नये म्हणून अंगातच वजन बांधलेलं. पुढे मागचे पाय गेले, आडवी शेपटी आली. आजची समुद्रगाय म्हणजे डुगाँग, तो समुद्रतळाचं गवत मुळासकट उपटतो आणि मागे नांगरल्यासारखी वाट सोडतो. नात्यानं तो म्हशीपेक्षा हत्तीला जवळचा, हे भाचीनंच मला सुनावलं.

स्टेलरच्या समुद्रगायीचं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. आठ मीटरचा जीव, दात नाहीत, समुद्रशेवाळ खाणारा. १७४१ मध्ये बेरिंग बेटावर स्टेलर या निसर्गअभ्यासकानं पाहिला आणि १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी संपवला. २७ वर्षं! माझं गृहकर्ज याहून फार छोटं नाही.

होडीवाले काका हसत होते. "म्हशीला काय, पाण्यात शिरली की भायेर यायचं नाव न्हाई."

"मग कधी येते?" भाचीनं विचारलं.

"धारंच्या टायमाला. आचळं तटली की येतीया झक्कत."

पाच वाजता ती खरंच उठली. चिखलात खुरं रुतवत, पाठीवरून पाणी गाळत चढ चढली आणि आमच्याकडे न बघता घराकडे निघाली.