गोदाघाटावरचे प्रश्न

मे महिना, शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये, आणि कारण उकाडा नाही. आज नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेत अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका बोलल्या. विषय होता सामायिक संपत्ती. गायरान, जंगल, नदी, भूजल, म्हणजे जे सगळ्यांचं असतं आणि म्हणून कुणाचंच नसतं असं आपण धरून चालतो. व्याख्यान छान झालं. पण डोक्यात घोळतायत ते नंतरचे प्रश्न, म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवते.

बाईंनी सुरुवात गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या लेखापासून केली. गावाचं कुरण आहे. आणखी एक जनावर सोडलं तर फायदा माझा एकट्याचा, तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. प्रत्येक जण हाच हिशोब करतो आणि कुरण उजाड होतं. मग उपाय काय? एक तर कुरण खासगी मालकीचं करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. वर्षानुवर्षं हेच शिकवलं गेलं. त्यानंतर त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडे आल्या. या मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक, आणि 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेली पहिली स्त्री. स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, जपानमधली गावांची जंगलं, स्पेनमधले पाट, नेपाळमधले शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले कालवे असं सगळं त्यांनी अभ्यासलं. आणि सांगितलं की लोक एकमेकांशी बोलतात. नियम करतात, राखण करतात, चुकलेल्याला आधी समज देतात आणि मग चढता दंड लावतात. जिथे हे नीट बसलं, तिथे कुरण शतकानुशतकं टिकलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि दिंडोरीकडचे एक शेतकरी उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, हे आमच्याकडं वाघाडला चालू आहे."

पटांगणात थोडा हशा झाला. ते मात्र हसवायला उठले नव्हते. त्यांनी नीट सांगितलं. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला ओझरची जमीन. वरचे भरून घेणार, खालच्यांची चारी, म्हणजे शेतापर्यंत पाणी आणणारा छोटा पाट, कोरडी. मग समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र बसवलं आणि 1991 च्या सुमारास पहिल्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने पाटबंधारे खात्याकडून पाणी घनमीटरवर मोजून घ्यायचं आणि आपल्या सभासदांना वाटायचं. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं, पाणी किती ते आधीच ठरलेलं. पाणी मोजून मिळायला लागल्यावर माणूस ते जपून वापरायला लागला आणि द्राक्षबागा वाढल्या. हळूहळू सगळं लाभक्षेत्र संस्थांकडे आलं. राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला तो 2005 साली, म्हणजे कामाला सुरुवात झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. बाईंनी वही उघडली आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. विचारलं, "पाळी सोडून कुणी रात्री गेट उघडलं तर काय करता, काका?" ते म्हणाले, "दंड आहे. पण दंड भरून माणूस मोकळा होतो. मीटिंगीत नाव वाचलं जातं, ते जास्त लागतं." मागून एका बाईने विचारलं, "आणि बोअरचं काय? ते पाणी कोण मोजणार?" त्यावर प्राध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं की हे कालव्यापेक्षा फार अवघड आहे. कालव्याचं पाणी गेटवर दिसतं, मोजता येतं. जमिनीखालचं दिसत नाही, आणि प्रत्येकाचा बोअर त्याच्या स्वतःच्या बांधात. तिथे सिद्धांत थांबतो असं त्या म्हणाल्या नाहीत, पण काम बाकी आहे हे लपवलंही नाही. माझा विश्वास बसला तो त्या उत्तराने.

हे ऐकताना न्यायमूर्ती रानडे आठवले. ते आपल्या निफाडचे, जन्म 1842 चा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. 1892 साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मांडलं होतं की इंग्लंडमध्ये बसून बांधलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे सगळ्या देशांना लागू होत नाहीत. इथली परिस्थिती वेगळी आहे, ती बघून विचार करावा लागेल. आज काका तेच करत होते. मोठी कल्पना बाहेरून आली, त्यांनी ती स्वतःच्या चारीवर ठेवून बघितली. श्रोत्याचं कामही हेच, आणि ते टाळ्या वाजवून संपत नाही. वक्ता सिद्धांत घेऊन येतो. तो ज्या मातीत लागू व्हायचा, ती श्रोत्यांकडे असते.

मे महिना आहे म्हणून जयंत नारळीकर सरांचीही आठवण आली. 20 मे 2025 ला ते गेले. 2021 च्या डिसेंबरात नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. खगोलशास्त्रज्ञ त्या खुर्चीवर! तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही, ती हळहळ अजून आहे. मुलांना ते नुसती सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव म्हणत, उत्तर सहीसकट यायचं. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल त्यांनी आयुष्यभर बहुतेकांच्या विरुद्ध मत मांडलं. ते मत पटो न पटो, "पुरावा काय?" हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

त्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. शोधनिबंध 2009 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. कुणाची टवाळी नाही, कुणाच्या श्रद्धेवर शेरा नाही. प्रश्न विचारला, मोजलं, उत्तर मांडलं. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर हे उभं राहून सांगता यायला हवं, आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

संगीतात श्रोता घडवायचं काम विष्णु दिगंबर पलुस्करांनी केलं. दरबारातलं गाणं त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसापुढे नेलं, गाणं लिहून ठेवायची स्वरलिपी केली, विद्यालय काढलं, आणि शेवटची वर्षं नाशिकला काढली. तानसेन घडोत न घडोत, कानसेन घडावेत हा त्यांचा ध्यास सांगतात.

मी स्वतः नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. समोर शिक्षक रोज नसायचे, पुस्तकातच मधे मधे प्रश्न असायचे आणि उत्तरं मागच्या पानांवर. रात्री भांडी आवरून मी ते प्रश्न सोडवायचे. न अडखळता वाचलेलं प्रकरण दुसऱ्या दिवशी पुसून जायचं, अडलेलं लक्षात राहायचं. म्हणून व्याख्यानाचं रेकॉर्डिंग टाकताना प्रश्नोत्तरं कापतात तेव्हा मला वाईट वाटतं. वाघाडचं सगळं बोलणं त्या कापलेल्या भागात जाणार.

घरी येऊन मुलीला 46 टक्क्यांचं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "आई, डोळे मिटून सांगितलं तरी 50 येतील ना? मग यांचे कमी कसे?" उत्तर येत होतं, पण सांगितलं नाही. दोन रुपयांचं नाणं दिलं, 40 वेळा उडव म्हटलं. मग पुन्हा 40 वेळा. छाप कधी विसाच्या वर, कधी खाली. तिने वहीत खुणा केल्या आणि स्वतःच म्हणाली की थोडं इकडेतिकडे होणारच. नंतर गप्प बसून आणखी एक विचारलं: "मग किती बरोबर आले असते तर आपण मानलं असतं?"

ते काढायला गणित लागतं. उद्या दुपारी दोघी बसणार आहोत.