बापूबद्दल कुणी विचारलं तर

मंगळवार, रात्री

बापूच्या तेराव्याला जेवणं चालू असताना खालच्या मजल्यावरच्या पोरानं विचारलं, "काका, साहेब शहीद झाले का?" समोर हार घातलेला युनिफॉर्ममधला फोटो, छातीवर मेडलं. विचारणारच. मी म्हटलं, "नाही रे, हार्ट अटॅक." तो "अच्छा" म्हणाला आणि ताट घेऊन पुढे सरकला.

तेव्हापासून ते "अच्छा" डोक्यातून जात नाही. पोराचा राग नाही. पण "हार्ट अटॅक" म्हणताना माझा आवाज खाली का आला? बापूच्या आयुष्यात काहीतरी कमी राहून गेलं असावं, असा तो आवाज होता.

खडकवासल्याला एनडीएत, जिथे बापू आणि मी एकत्र शिकलो, हट ऑफ रिमेंब्रन्स या स्मारकात कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या माजी छात्रांची नावं आहेत. आमच्या कोर्सचीही आहेत. त्यांच्यापुढे मान झुकते, आणि त्यांच्याशी कुणाची तुलना करायची नाही हेही कळतं. पण बापूचं नाव कुठे लिहायचं?

पहिल्या टर्ममध्ये आम्हाला दहा मीटरच्या फळीवरून पाण्यात उडी मारायला लावली. मी दादरचा, महापालिकेच्या तलावात पोहून मोठा झालेला. बापू माणचा. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी कळशीभर पाणी बघितलेला. त्याला पोहता येत नव्हतं. मी खाली पाण्यात होतो. वर तो दिसत होता. बोटं फळीच्या कडेला घट्ट रोवलेली, ओठ हलत होते, बहुतेक म्हसोबाचं नाव. उस्तादाची हाक आली आणि त्यानं सरळ पाऊल हवेत टाकलं. बाहेर काढल्यावर नाकातोंडातून पाणी येत असताना पहिलं वाक्य: "ओरडलो का रे मी?" ओरडला नव्हता. त्या रात्री रगडा लागला, सायकली खांद्यावर घेऊन पळायचं, तेव्हा माझ्या पुढे तोच होता. आणि शिंकत होता.

पुढे मी नेव्हीत आलो, तो डेहराडूनहून सॅपर झाला, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात गेला. पत्रं, मग फोन. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. त्याबद्दल आत्ता नको.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि सैन्य मोठ्या संख्येनं सीमेवर गेलं. ऑपरेशन पराक्रम. मैलोन्‌मैल सुरुंग पेरले, तेही लोकांच्या शेतांत. युद्ध झालं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचं ठरलं. पेरलेलं सगळं मग वेचून काढायचं होतं, आणि ते बापूच्या लोकांकडे आलं. राजस्थानात वाळू सरकते, सुरुंग तिच्याबरोबर सरकतो, नकाशा म्हणतो इथे आणि तो असतो भलतीकडे. नोंदीतला आकडा आणि काढलेल्यांचा आकडा जुळल्याशिवाय शेत परत देता येत नाही. या कामात कितीतरी सॅपर गेले, कितीतरी पाय गमावून बसले. शेत मोकळं झालं की बापू आधी स्वतः आडवा-उभा चालून यायचा, मग शेतकऱ्याला बोलवायचा. कमांडिंग ऑफिसरनं असं करू नये, असं त्याला वरून सांगितलं गेलं होतं. तो करत राहिला.

त्या शेतांत आज बाजरी उभी असेल. कुणाच्या पायाखाली काही फुटलं नाही, याची बातमी होत नाही.

आज दुपारी मला फार वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते निम्मं स्वतःसाठी होतं. आम्हीही असेच जाणार. लेटरबॉक्सवरचं नाव बदलेल, पार्किंगची जागा कुणाला यावर मीटिंग होईल, संपलं.

मग एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल आठवला. सप्टेंबर २०१७ ला तिथल्या जुन्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, आणि नवा पादचारी पूल लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सनी उभारला. २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला झाला. बापू तेव्हा निवृत्त होऊन दादरला राहायला आला होता. मला ओढत घेऊन गेला. ऐन गर्दीच्या वेळी मधेच वाकून जोड बघत बसला. मागून एकजण ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा ना!" बापू कठड्याला चिकटला आणि लोकांकडे बघत राहिला, असा खूश मी त्याला क्वचित पाहिला. आपण कोण हे त्या माणसाला सांगावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

म्हणजे त्याला कधी लागलं नाही ते मला लागतंय. सोसायटीतली पोरं त्याला लढाईच्या गोष्टी विचारायची, हा त्यांना सुरुंगांच्या रांगा कागदावर काढून दाखवायचा. पोरं कंटाळून पळायची. पुढच्या वेळी पुन्हा तोच कागद.

त्या पोराला रविवारी बोलवीन म्हणतो. पळाला तर पळाला. उडीपासून सुरुवात करीन.

उद्या वहिनींबरोबर फॅमिली पेन्शनच्या कामाला जायचंय. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, जॉइंट खात्याचं पासबुक. फोनवर म्हटलं, कागद शोधून ठेवा, वेळ लागला तर लागू दे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, शोधायचं काय त्यात? त्यांनी फाइल लावून ठेवलीय. वर यादी आहे, आणि मी मोजले, सगळे कागद बरोबर भरले."