चर्चिल बेटावरचे बँडिकूट

मेलबर्नहून फिलिप बेट गाडीने दोनेक तास. सगळे तिथे संध्याकाळी पेंग्विन बघायला धावतात. आम्ही दुपारीच पूल ओलांडून शेजारच्या चिमुकल्या चर्चिल बेटावर उतरलो. भोवती वेस्टर्न पोर्टची खाडी, 1982 पासून रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ. काठाला तिवरं बघून कोकणच आठवतं.

गवतात जागोजाग निमुळते खड्डे दिसतात, बोटभर खोल. हे ईस्टर्न बार्ड बँडिकूटचं रात्रीचं काम. नखांनी माती उकरायची, लांब नाक आत खुपसायचं आणि गांडुळं, किडे काढायचे. नाव तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून आलं, म्हणजे आपली घूस, पण घुशीशी याचं काही नातं नाही. हा शिशुधानी, म्हणजे पिलं पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, ढुंगणावर फिकट पट्टे. पिशवीचं तोंड मागे असतं, नाहीतर उकरताना पिलांच्या अंगावर मातीच पडली असती.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर खोकडं, मांजरं आणि शेतीने तो रानातून संपवला. पिंजऱ्यात आणि कुंपणात जगवलेले बँडिकूट 2015 मध्ये इथे सोडले, 2017 मध्ये फिलिप बेटावर आणि 2019 मध्ये फ्रेंच बेटावर. 2021 मध्ये इथल्या व्हिक्टोरिया राज्याने त्याला ‘वन्य स्थितीत नामशेष’ यादीतून वर काढलं.

सोडणं तुलनेने सोपं. नंतर अधूनमधून पकडून वजन बघावं लागतं. सापळ्यात पीनट बटर, ओट्स आणि मधाचा गोळा, वर गोणपाट. उजाडायच्या आत सापळे रिकामे करायचे. हाताळायची कापडी पिशवी उलटी करून वापरतात, कारण आतल्या शिवणीच्या धाग्यात नखं अडकतात. घाबरलेली मादी पिलं टाकून देते, म्हणून तिच्या पोटाची पिशवी तपासणं झटपट उरकायचं.

खरी डोकेदुखी मांजर. ते शिकार करतंच, शिवाय त्याच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा रोग करणारा सूक्ष्म परजीवी मातीत उतरतो. ओल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, आणि हा प्राणी तर नाकाने माती चाळतो! मांजराची गाठ न पडताही मरतो. कोरड्या वर्षात वेगळीच अडचण: गांडुळं खोल जातात आणि वीण थांबते. पण गर्भकाळ जेमतेम साडेबारा दिवसांचा, त्यामुळे पाऊस झाला की संख्या लवकर भरून येते.

खोकडं फिलिप बेटावरून 2017 पर्यंत हटवली, तरी मुख्य भूमीचा पूल आहेच. पाळत थांबवून चालत नाही. परतताना अंधार पडला असेल तर गाडी हळू घ्या. बँडिकूट रस्त्याकडेच्या गवतातून एकदम आडवा येतो.