तेवढी एक ओळ

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. अंगावरून वारं गेलेली माणसं माझ्याकडे येतात. हात-पाय थोडाफार सुटलेला असतो, पण तोंडातून शब्द निघत नाही. समोरचा काय म्हणतो ते कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही मनात पक्कं असतं; पण ओठावर भलतंच येतं, नाहीतर काहीच येत नाही. अफेजियाचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा अडण्याचा, हा एक प्रकार. 1861 मध्ये पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. तो माणूस वर्षानुवर्षं ‘तान’ एवढंच बोलायचा. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात निघाली.

या आजारात एक गोष्ट बहुधा शाबूत राहते, आणि ती पहिल्यांदा ऐकताना घरच्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. स्वतःचं नाव सांगता न येणारा माणूस एक ते दहा आकडे घडाघडा म्हणतो. पाढे, आरती, हरिपाठ, अगदी शिव्यासुद्धा. आयुष्यभर घोकलेलं असतं ते वेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. त्याचाच आधार घेऊन 1973 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी सुरातून बोलतं करण्याची पद्धत मांडली. डाव्या हातानं ठेका धरायचा, शब्द गाऊन म्हणायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा.

आजोबा आले ते ऐन उन्हाळ्यात. पूर्व भागात आयुष्यभर माग चालवलेला माणूस. उजवी बाजू गेलेली, तोंडी फक्त ‘हां’ आणि ‘ते ते’. वारं गेलं म्हणून घरच्यांनी आधी तेल चोळण्यात दिवस घालवला होता. इथं मी प्रत्येकाला सांगते, तुम्हालाही सांगते : तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आजी दारातच “सलाम, मॅडम” म्हणाल्या, तेव्हा कळलं की आपल्याच ख्रिस्ती मंडळीतले. मग काम सोपं वाटलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग-ओवी आणली, त्यामुळे आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी भजनं मुरलेली असतात. मी एक भजन धरलं, आजोबांनी डाव्या हातानं टेबलावर ठेका धरला, मागाच्या धोट्यासारखा पक्का, आणि सबंध कडवं म्हटलं. आजी पदर तोंडाला लावून बसल्या.

मग प्रभूची प्रार्थना घेतली. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’पर्यंत छान गेली. आणि थांबली. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ येईना. जोडाक्षरं अवघड जातात म्हणून असेल, असं मला वाटलं. पण ‘पृथ्वीवरही’ तर निघालं होतं. मी पुढचा धागा दिला, ‘आणि आम्हांस परीक्षेत’, तर तिथून थेट ‘आमेन’पर्यंत गेले. ‘पराक्रम’सुद्धा बिनचूक. अडत होती ती तेवढी एकच ओळ.

उत्तर आजींकडे होतं. पुतण्यानं काकांचे दोन माग तारण ठेवून कर्ज काढलं, फेडलं नाही, आणि माग विकले गेले. म्हातारपणी आजोबांना दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जावं लागलं. तेव्हापासून चर्चमध्ये ही ओळ आली की ते तोंड मिटायचे. देवासमोर खोटं बोलायचं नाही, म्हणून. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला, राजानं ज्याचं अफाट कर्ज सोडलं त्या दासाचा दाखला समजावला, तर म्हणाले, “तो राजा होता, मी मागावरचा आहे.” आजी मात्र दर रविवारी ती ओळ मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, दोघांच्या वाटची. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाचा पिच्छा सोडत नाही, तशी ही बाई इतकी वर्षं देवाचा पिच्छा पुरवत होती.

मला ते ऐकून हलल्यासारखं झालं. घोकलेलं तेवढंच शिल्लक राहतं, आणि हीच ओळ आजोबांनी घोकायची सोडली होती. आता म्हणावीशी वाटली तरी ती आपसूक येणार नव्हती. मी म्हटलं, “आजोबा, ही ओळ राहू दे, पुढं जाऊ.” त्यांनी जोरात मान हलवली आणि टेबलावर बोट आपटलं. तिथंच. हीच हवी.

मग आम्ही ती नव्यानं शिकवायला घेतली. ‘सोड’पासून सुरुवात केली, कारण रोजच्या बोलण्यातला शब्द. येईना. अशा, म्हणजे ब्रोका प्रकारच्या अफेजियात क्रियापदं फार छळतात. नाव एखाद्या वेळी निघतं, क्रिया निघत नाही.

एके दिवशी नेहमीचा रिक्षावाला आला नाही. आजींनी पुतण्याला फोन केला आणि तो आला. चाळिशीचा माणूस, काकांना आधार देऊन खुर्चीत बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही, नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली. ‘भाकर’ झाली. ठेका थांबला. आजोबा पुतण्याकडे बघत होते. कपाळावरची शीर फुगली, जबडा हलला, दोनदा नुसती हवा आली. मग सूर नाही, ठेका नाही, कोरडे शब्द आले, “आम्ही… आम्ही… सोडले.”

त्यांनी आपल्या मनानं उच्चारलेलं हे पहिलं क्रियापद होतं. माझ्या कामात मी ज्याची वाट बघते ते हेच.

पुतण्या आत आला आणि काकांच्या पायाशी बसला. “पैसे देतो मी, काका.” आजोबांनी डावा हात उडवला, नको म्हणून. त्यावर आजी म्हणाल्या, “त्यांनी सोडलं. तू मात्र महिन्याच्या महिन्याला आणून दे. औषधं मला आणायची असतात.” मला आजींचं पटलं. मनातली अढी सोडणं एक, झालेलं नुकसान भरून देणं दुसरं.

क्षमा केली की आजार जातो, असं मी कुणाही पेशंटला सांगत नाही. पक्षघाती माणसाला येशूनं आधी पापांची क्षमा दिली आणि मग उठवलं, हे मार्कात आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचं?’ असं विचारणाऱ्या शिष्यांना त्यानंच गप्प केलं. आजोबांच्या मेंदूत गुठळी होती. पुतण्यावरचा राग नव्हे. आणि त्या दिवसानंतर बोलणं धबधब्यासारखं सुटलंही नाही. ‘पाणी’, ‘नको’, ‘बस’, असं एकेक येतंय.

घरचा सराव आता पुतण्या घेतो, संध्याकाळी कामावरून आल्यावर. ‘ऋण सोडले’ जमतं. ‘ऋण्यांस’ला जीभ अजून अडते, तो शब्द आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा घेणार आहोत.