त्या रात्री वाचन पुढे गेलंच नाही

मी नाशिकमध्ये जेलरोडला एका छोट्या वाचनालयात काम करते. मागच्या वर्षी आसपासच्या चार सोसायट्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं ठरवलं. सिएटलच्या लायब्ररीने १९९८ साली अख्ख्या शहराला एक पुस्तक वाचायला लावलं होतं, ते कुठंतरी वाचल्यापासून माझ्या डोक्यात होतं की आपल्याकडं का नको. पुस्तक निवडायला वेळच लागला नाही, श्यामची आई. एक तर साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिलंय, दुसरं म्हणजे ते १९५० ला गेले, साठ वर्षांनी कॉपीराइट संपला, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या मिळतात, आम्ही चाळीस प्रती आणल्या. आणि पुस्तकात बेचाळीस रात्री, म्हणजे रोज रात्री सांगितलेल्या गोष्टी आहेत, म्हणून रोज रात्री जेवणं झाली की पार्किंगमध्ये सतरंजी टाकायची, एकाने एक रात्र मोठ्याने वाचायची आणि मग गप्पा.

पहिले काही दिवस मस्त गेले. बायका डोळे पुसायच्या, पोरं मागं पकडापकडी खेळायची, डास चावायचे, तरी लोक यायचे.

मग मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट आली. तिची मोळी रस्त्यात पडलीय, अस्पृश्य म्हणून कुणी हात लावत नाही, आई श्यामला सांगते, जा, उचलून दे तिला आणि मग घरी येऊन अंघोळ कर. वाचणाऱ्या मुलीचा आवाज दाटून आला होता, मी मनातल्या मनात म्हणत होते की आज चर्चा छान होणार.

तेवढ्यात मागं खुर्चीवर बसलेल्या एक बाई, झेडपी शाळेतून रिटायर झालेल्या, एरवी कधी बोलायच्या नाहीत, त्या म्हणाल्या, "अंघोळ कशाला?"

कुणीच काही बोलेना. मग एक काका म्हणाले, "अहो बाई, त्या काळात तसंच होतं, तरी त्या माऊलीनं मदत करायला पाठवलं ना." बाई शांतपणे म्हणाल्या, "माझे आजोबा काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसले होते. ते पण त्याच काळातले ना?"

एका कॉलेजच्या पोराने मोबाइलवर बघितलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला तो काही वर्षं चालला, म्हणजे गुरुजी तुरुंगात बसून हे लिहीत होते तेव्हा इकडं पंचवटीत देवळाचं दार अस्पृश्य मानलेल्या लोकांना बंदच होतं. मी वीस वर्षं हे पुस्तक लोकांच्या हातात देतेय, दरवर्षी काळारामाला जाते, पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. मला खूप लाज वाटली.

काका चिडले, म्हणाले, चांगल्या पुस्तकात पण तुम्ही जात आणता. बाई म्हणाल्या, "मी नाही आणली, त्या गोष्टीतच आहे." आणि मग त्यांनीच सांगितलं की याच गुरुजींनी १९४७ ला पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण केलं, मी त्यांच्या विरोधात बोलत नाहीये, शाळेत मी हेच पुस्तक शिकवलंय, फक्त या पानावर मला दरवेळी थांबायला होतं आणि वर्गात कधी मोठ्यानं बोलता आलं नाही. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं.

पसायदान म्हणून आवरतं घ्यावं असं एकदा वाटलं होतं. नाही घेतलं हे बरं झालं, साडेअकरापर्यंत लोक बोलत होते, एका आजींनी त्यांच्या माहेरच्या वेगळ्या पाणवठ्याचं सांगितलं, त्यांच्या सुनेला पण ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडले, त्यांच्यामागं अजून दोघं. रात्री बाई आल्या आणि पुढची गोष्ट मी वाचते म्हणाल्या. बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत काका काही आले नाहीत. जिन्यात भेटतात, मी नमस्कार करते, तेही करतात. त्यांची प्रत अजून त्यांच्याकडंच आहे, मी मागितलेली नाही.