एडिंबराच्या विज्ञान महोत्सवातले माझे नऊ दिवस

आमचं गाव पाचगणीपासून जवळ, भिलारच्या पलीकडे. घरी स्ट्रॉबेरीची दीड एकर बाग. एडिंबराला मास्टर्स करायला आले तेव्हा वाटलं होतं की ती बाग आता फक्त आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, फोनवर बोलण्यापुरती उरणार. पण एप्रिल २०२५मध्ये मी इथल्या विज्ञान महोत्सवात तात्पुरती कर्मचारी म्हणून नऊ दिवस काम केलं, आणि मला दिलेल्या टेबलावर होत्या त्या स्ट्रॉबेऱ्याच. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

हा महोत्सव १९८९पासून भरतो. ईस्टरच्या सुट्टीत शाळा बंद असतात, आईवडील मुलांना घेऊन येतात, आणि या दिवसांसाठी बरीच माणसं तात्पुरती घेतली जातात. तिकीट तपासणारी, रांगा लावणारी, आणि टेबलामागे उभं राहून मुलांकडून प्रयोग करून घेणारी. मी तिसऱ्या कामासाठी अर्ज केला. रंगमंचावरच्या कार्यक्रमांच्या वाटेला गेले नाही, कारण विद्यार्थी व्हिसावर मनोरंजन करणारा कलाकार म्हणून काम करता येत नाही आणि मला शंकेला जागाच ठेवायची नव्हती. याच व्हिसावर स्वतःचं बिल देऊन स्वतंत्र व्यावसायिक म्हणूनही काम चालत नाही. म्हणून करार रीतसर नोकरीचा आहे ना, पगार कर कापून मिळणार आहे ना, हे मी अर्जाआधीच विचारून घेतलं.

मुलाखत गटाने झाली. आम्ही आठ जण होतो. घरातली एखादी वस्तू आणा आणि सात वर्षांच्या मुलाला समजावताय असं धरून दोन मिनिटं बोला, असं सांगितलं होतं. निघताना धाकट्या भावाने बॅगेत टाकलेला लाकडी भोवरा मी नेला. भोवरा हातात धरून मी कोनीय संवेगावर बोलत राहिले. दीड मिनिट झाल्यावर समोरच्या बाईंनी विचारलं, ‘मी फिरवून बघू का?’ त्यांना जाळी गुंडाळता येईना. मी जवळ जाऊन त्यांचं बोट धरून दोरीचा पहिला वेढा दाखवला. तिसऱ्या प्रयत्नाला भोवरा फिरला आणि सगळी खोली खाली वाकून बघायला लागली. माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती. निवड झाली ती त्या शेवटच्या मिनिटामुळे झाली, अशी माझी खात्री आहे.

त्यानंतर कागदपत्रं. कामाचा हक्क सिद्ध करायला सरकारी संकेतस्थळावरून शेअर कोड काढावा लागतो. तो अक्षरं-आकडे मिळून नऊ चिन्हांचा असतो, कामासाठीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो आणि नव्वद दिवस चालतो. हे पाच मिनिटांत झालं. मुलांबरोबरच्या कामासाठी स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी नावाची नोंदणी असते. तिथे मात्र मी अडकले. आधीच्या वर्षांचे सगळे पत्ते हवे होते, आणि आमच्या घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. घर क्रमांकाचा रकाना रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकेना. शेवटी मदत क्रमांकावर फोन केला आणि तिथल्या बाईंनी सांगितलं तसं घराचं नाव म्हणून आप्पांचं आडनाव लिहिलं. हे काम आधी सुरू करा, नोंदणी व्हायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त झोप उडवली ती तासांनी. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजायचा. ही मर्यादा एका नोकरीची नाही, सगळ्या नोकऱ्या मिळून वीस. मी एका कॅफेत बारा तास करत होते. महोत्सवाच्या आठवड्याला सहा तासांच्या तीन पाळ्या म्हणजे अठरा. एकूण तीस. कॅफेच्या व्यवस्थापकांकडे तीन आठवड्यांची रजा मागितली, तर ते म्हणाले, ये तू, तास लिहायचे नाहीत, रोख देतो. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी मला पाळ्या देणंच बंद केलं. ते दुखलं. तो महिना भाड्याच्या दृष्टीने जड गेला. पण व्हिसा पणाला लावून मिळणारे पैसे मला नको होते, आणि तुम्हाला कोणी असं सुचवलं तर तुम्हीही ते घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगते.

प्रशिक्षण दोन तासांचं होतं. आगीच्या वाटा, हरवलेल्या मुलाचं काय करायचं, ॲलर्जी, आणि मग टेबलाचा प्रयोग, म्हणजे स्ट्रॉबेरीतून डीएनए काढणं. फळ पिशवीत घालून कुस्करायचं, मीठ आणि भांडी घासायचा द्रवसाबण मिसळलेलं पाणी घालायचं, गाळायचं आणि बर्फासारखं गार अल्कोहोल कडेने हळूच सोडायचं. साबण पेशींची स्निग्ध आवरणं फोडतो, मिठामुळे धागे एकमेकांना धरतात, आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नसल्यामुळे पांढरट, शेवाळासारखे तंतू वर येतात. ते काडीला गुंडाळून उचलता येतात. त्यात थोडं पेक्टिनही येतं, निव्वळ डीएनए नसतो, आणि हे मी मुलांना दर वेळी सांगायचे. स्ट्रॉबेरीच का? लागवडीच्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण छप्पन्न गुणसूत्रं. आपल्यात दोनच संच. म्हणून माल भरपूर निघतो.

पहिल्या दिवशी मात्र निघाला नाही. दुकानातून आलेली फळं मोठी, चकचकीत, पण देठाकडे पांढरी आणि आतून पोकळ, कडक. लहान मुलांच्या हातांनी ती नीट कुस्करलीच जाईनात. नळीत फिकट गुलाबी पाणी आणि वर जेमतेम एक धूसर पट्टा. मुलं माझ्याकडे बघायची. सहकारी म्हणाला, रात्रभर बाहेर ठेवू, पिकतील. मला माहीत होतं की नाही पिकणार. स्ट्रॉबेरी तोडली की तिचा गोडवा तिथेच थांबतो. रंग थोडा चढेल, पण आंब्यासारखी ती अढीत पिकत नाही. आमच्याकडे मुंबईसाठी पाऊण लाल फळ तोडतात तेव्हा आप्पा दर वेळी हळहळतात ते यासाठीच.

रात्री आप्पांना फोन केला. त्यांच्याकडे पहाट झाली होती, ते बागेत निघाले होते. त्यांना प्रयोग सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘अगं, गोठवलेली घे की. कोल्ड स्टोरेजातनं काढलेलं फळ निवलं की पाणीच सोडतं. हातात धरवत नाही.’ बरोबर होतं. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. मला शिकवलेलं होतं ते, फक्त सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रमुखांना सांगितलं आणि त्यांनी गोठवलेल्या स्ट्रॉबेरीच्या पिशव्या मागवल्या. दुपारपासून प्रत्येक नळीत बोटभर जाड ढग वर यायला लागला.

मग मुलं बोलायला लागली. एडिंबरातल्या बहुतेक मुलांनी चेंबर्स स्ट्रीटच्या संग्रहालयात डॉली मेंढी पाहिलेली असते. ती १९९६ साली याच शहराजवळच्या रोझलिन संस्थेत जन्मली. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेला तो पहिला सस्तन प्राणी. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने काडीवरचा ढग उचलून विचारलं, ‘यातून डॉलीसारखी दुसरी स्ट्रॉबेरी करता येईल?’ मी प्रशिक्षणातलं उत्तर द्यायला निघाले होते, पण थांबले. कागद घेतला आणि आमच्या बागेचं रोप काढलं. त्याला फुटलेला लांब रनर, म्हणजे जमिनीवर सरपटणारा फाटा, आणि रनरच्या टोकाला मुळं धरलेलं बाळरोप. ‘हे रोप बीपासून नाही आलं. आईचाच तुकडा आहे. वाईच्या बाजूला माझ्या मामांच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात अशी हजारो रोपं पिशव्यांत धरतात आणि सप्टेंबरात माझे वडील ती लावतात. एका जातीची सगळी रोपं एकाच आईची प्रत.’ तो म्हणाला, ‘म्हणजे तुझ्या वडिलांकडे शेतभर डॉली आहेत?’ हो, म्हटलं. त्याच्या आजीने तो कागद मागून घेतला. त्यानंतर रनरचं चित्र मी टेबलावरच चिकटवून ठेवलं.

पायांचं सांगायला हवं. सहा तास उभं राहायचं, मधे अर्धा तास सुट्टी. दुसऱ्या दिवशीच मी चांगले बूट घातले. आवाज बसतो, गरम पाण्याची बाटली जवळ ठेवा. प्रश्न विचारताना मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या.

पगाराबद्दल. तेव्हा, १ एप्रिल २०२५पासून, एकवीस आणि त्यावरच्या वयाच्यांना तासाला किमान १२.२१ पौंड मिळायलाच हवे होते. अनियमित तासांच्या नोकरीत सुट्टीचा मोबदला बहुधा पगारातच १२.०७ टक्क्यांनी जोडून येतो, पगारचिठ्ठीत ती ओळ शोधा. रुजू होताना मी ‘दुसरी नोकरी आहे’ या खान्यात खूण केली होती, तेव्हा कॅफेचं काम सुटलं नव्हतं. त्यामुळे बीआर हा करसंकेत लागला आणि पहिल्या पौंडापासून वीस टक्के कापले गेले. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नसतो, त्यामुळे हे पैसे परत मागता येतात. काम संपल्यावर येणारा पी४५, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, जपून ठेवा. मी अर्ज केला आहे.

शेवटच्या संध्याकाळी टेबल पुसून झाल्यावर एका नळीचा फोटो आप्पांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर यायला दहा मिनिटं लागली. विचारलं होतं, ‘हे धागे स्वीट चार्ली जातीचे का विंटर डॉनचे, ते दिसतं का गं?’

नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत, आप्पा. त्यासाठी ते वाचावे लागतात. कसे वाचतात ते मी मेमध्ये प्रयोगशाळेत शिकणार होते, तसं त्यांना लिहिलं. त्यांनी दोन्ही जातींच्या पानांचे फोटो लगेच पाठवून दिले.