आमची वाटचाल : बिनचेहऱ्याची भुतं

आमच्या कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या मालाला चेहरा नसतो. लोखंडी चौकट, मोटर, क्रँक (मोटरच्या फिरण्याने दोऱ्या ओढणारी पट्टी), दोन-तीन दोऱ्या किंवा हवेवर चालणारा सिलिंडर, आणि सोबत टायमरची डबी. त्यावर कवटी बसवायची की चेटकिणीचं नाक, हे गिऱ्हाईक ठरवतं. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका गाळ्यात आम्ही हे काम करतो. आमची बहुतेक गिऱ्हाइकं हॅलोविनला स्वतःच्या गॅरेजमध्ये भूतबंगला उभारणारी साधी माणसं आहेत. कोणी नर्स, कोणी प्लंबर, कोणी बँकेत. वर्षभर पैसे साठवायचे आणि ऑक्टोबरात शेजाऱ्यांना घाबरवण्यात उडवायचे, हा त्यांचा छंद. अशा घरगुती भूतबंगल्याला इथे ‘होम हॉन्ट’ म्हणतात.

या धंद्याचं मूळ पुण्यात आहे म्हटलं की इथले लोक हसतात. माझे वडील, म्हणजे अण्णा, शनिवार पेठेत गणपती मंडळांसाठी हलते देखावे करायचे. अफजलखानाचा वध, कालियामर्दन, ज्या वर्षी मंडळाला जे सुचेल ते. पुतळ्यांच्या पोटात कॅम (फिरता फिरता हात-पाय वरखाली ढकलणाऱ्या वाकड्या चकत्या) आणि सायकलच्या चेन, दिव्यांचा क्रम लावायला लाकडी ड्रमवर ठोकलेल्या पितळी पट्ट्या. खानाचा हात वर जायचा तो निवेदनाच्या कॅसेटमधल्या नेमक्या शब्दाला; शब्द हुकला की गर्दीतली पोरं हसायची. मोटर बहुधा जुन्या बाजारातून आणलेली, ट्रकच्या वायपरची. बारा व्होल्टवर चालते, वर्म गिअरमुळे ताकद भरपूर, आणि पावसातही कुरकुरत नाही. मी शिकलो, इंजिनिअर झालो आणि पॅकेजिंगची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला इकडे आलो. देखावे मागे राहिले असंच वाटत होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला सुतारकाम शिकवणारे एक निवृत्त मास्तर राहत. सप्टेंबर सरला की त्यांच्या अंगणात प्लायवूडचा ढीग पडायचा. एका वर्षी मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो. तिकीट नव्हतंच; गरजूंच्या अन्नपेढीसाठी डबाबंद धान्य किंवा सूप द्यायचं आणि आत जायचं.

त्या घराचं वर्णन जरा सविस्तर करतो, कारण आम्ही आजही नव्या गिऱ्हाइकाला तिथलीच उदाहरणं देतो. अंगणात फोमच्या पाट्या कोरून केलेली थडगी. धुराच्या यंत्रातून निघणारा धूर बर्फाच्या पेटीतून फिरवून सोडलेला, त्यामुळे तो वर न उडता गवतावरून सरपटत येत होता. आत गॅरेजमध्ये चार बाय आठ फुटी फळ्यांची वाट. प्रत्येक वळण काटकोनात, म्हणजे पुढच्या खोलीत काय आहे ते पाऊल टाकेपर्यंत दिसत नाही. भिंतीतून बाहेर आलेली प्रेतं पाहून मला वाटलं, यांवर बराच पैसा ओतलाय. नंतर मास्तरांनी सांगितलं : दुकानातला प्लास्टिकचा सांगाडा, त्याभोवती रंगाऱ्यांचा पातळ प्लास्टिक कागद, हीट गनचा झोत, आणि वरून लाकडाला लावायचं तपकिरी पॉलिश. कागद आकसून हाडांना असा चिकटतो की सुकलेल्या कातडीसारखा दिसतो. उभ्या साधूचे झगे म्हणजे गोणपाट, भिंतीच्या पुट्टीत लॅटेक्स रंग मिसळून बुचकळलेलं. पुट्टीच्या पाच भागांना रंगाचा एक भाग. वाळलं की दगड.

एका कोपऱ्यात रिकामी खुर्ची होती आणि बघता बघता तिच्यात मुलगी बसलेली दिसली. तिरपी पारदर्शक काच, बाजूला लपवलेल्या दुसऱ्या खोलीतल्या मुलीचं तिच्यात पडणारं प्रतिबिंब, आणि दिवे हळूहळू बदलणं, इतकंच. लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली रंगमंचावर गाजवलेली ही युक्ती अजून चालते, आणि माझ्या मते पडद्यावरच्या कुठल्याही प्रोजेक्शनपेक्षा चांगली चालते.

पण खरी करामत माणसं हाकण्याची होती. पाच-सहा जणांचा गट सोडायचा, मध्ये अंतर ठेवायचं. घाबरवायचं ते बाजूने किंवा मागून. समोरून कोणी आलं की लोक मागे फिरतात आणि मागच्या गटावर आदळतात. मागून आलं की पुढे पळतात आणि वाट मोकळी होते. आधी डावीकडे काहीतरी खुडबुडायचं, माना तिकडे वळल्या की उजवीकडची तसबीर धाडकन खाली. ज्यांना सोसवत नाही त्यांच्यासाठी मध्येच बाहेर पडायचा दरवाजा. लहान मुलांसाठी संध्याकाळचा पहिला तास दिवे लावून, मुखवटे काढून. करवत घेऊन किंचाळत धावणारी मोठ्या भूतबंगल्यांतली मंडळी मला कंटाळवाणी वाटतात ती यामुळेच. वेळ साधली नाही तर महागडं यंत्रही खेळणंच वाटतं.

शेवटच्या खोलीत जाळीदार पांढऱ्या कापडाचं भूत हवेत वरखाली तरंगत होतं, डोकं आणि दोन्ही हात वेगवेगळ्या लयीत. कापड चमकवणाऱ्या साबणाच्या पावडरमध्ये धुतलेलं, त्यामुळे जांभळ्या दिव्यात उजळत होतं. मी छताकडे पाहिलं. वायपरची मोटर, एक क्रँक आणि तीन दोऱ्या. वेग कमी करायला ती जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या पाच व्होल्टवर लावली होती. मात्र क्रँकचं छिद्र झिजलं होतं आणि प्रत्येक फेरीला भूत जरा गचका खायचं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना बेअरिंग बसवलेली पट्टी करून दिली. मास्तरांनी ती ओळखीच्या चौघांना दाखवली, त्या चौघांनी आणखी कुणाकुणाला. धंद्याची सुरुवात एवढीच. नोकरी सोडली ती बरीच नंतर, हिशेब बायकोने तपासून दिल्यावर.

या लोकांचा छंद आकाशातून पडलेला नाही. डिस्नेलँडमध्ये भूतमहाल १९६९ साली उघडला, कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३पासून हॅलोविनच्या रात्री सुरू केल्या, आणि त्याच दशकात गावोगावच्या जेसीजनी, म्हणजे तरुणांच्या समाजसेवी क्लबांनी, निधी जमवायला भूतबंगले उभारले. आपल्याकडे रक्तदान शिबिरं भरवणारे तेच जेसीज. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी अनेकांनी लहानपणी असा बंगला पाहिलेला असतो आणि तोच ते गॅरेजात पुन्हा उभा करत असतात. मला त्यात मंडळ दिसतं : कार्यकर्ते गल्लीतलेच, वर्गणी ज्याची त्याची, रात्र रात्र जागून काम आणि शेवटच्या दिवशी आवाज बसलेला.

न्यू जर्सीत हे काम करायचं तर ११ मे १९८४ विसरून चालत नाही. जॅक्सन इथल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कमधल्या ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. ट्रेलर जोडून केलेली ती वास्तू होती. आत अंधार, वळणं आणि भराभर पेटणारा फोम. त्यानंतर अशा जागांचे नियम देशभर कडक झाले : स्प्रिंकलर, धूर ओळखणारी यंत्रणा, अंधारातही सापडणारी बाहेरची वाट. घरच्या गॅरेजात इतकं सगळं नसतं, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी गावच्या अग्निशमन अधिकाऱ्याला भेटायला लावतो. फोमची थडगी अंगणातच राहतील, आत येणार नाहीत. कापड आगरोधक असेल. खरी मेणबत्ती कुठेही नाही. अंगणातलं सगळं बारा व्होल्टवर. हवेच्या सिलिंडरला दाब कमी करणारा रेग्युलेटर आम्हीच बसवून सील करतो. त्यावर काही जण चिडतात, कारण दाब वाढवला की झेप जोरात येते. चिडू देत. एका मोठ्या ऑर्डरवर आम्ही यापायी पाणी सोडलं आणि तो महिना ओढाताणीचा गेला.

तसे सगळेच महिने सारखे नसतात. मार्चमध्ये सेंट लुईसला या व्यवसायाचं प्रदर्शन भरतं. तिथे आम्ही पाहायला जातो, स्टॉल लावत नाही. ऑर्डरी येतात उन्हाळ्यात, पैसे येतात सप्टेंबरात. नोव्हेंबर लागला की त्याच चौकटी नाताळची हरणं हलवायला विकल्या जातात. २०२० साली वाटलं, संपलं सगळं. झालं उलटंच : आत कोणी येईना म्हणून लोकांनी भुतं अंगणात काढली, आणि अंगणातल्या भुताला वाऱ्यापावसात टिकणारी मोटर लागते. त्याच वर्षी होम डेपो या घरसामानाच्या दुकानांच्या साखळीने बारा फुटी सांगाडा बाजारात आणला. आमचा त्याच्याशी संबंध काही नाही, पण त्याची मान वळवून द्या, हात हलवून द्या, म्हणून लोक आजही आमच्याकडे येतात.

अण्णा एका ऑक्टोबरात इथे आले तेव्हा त्यांना मास्तरांकडे नेलं. मुखवटा घातलेला एक पोरगा अंगावर ओरडत आला, तर अण्णांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि तरंगत्या भुताखाली जाऊन उभे राहिले.

“अरे, ही दोरी तिरकी ओढतेय. पुली दोन बोटं पुढे घे.”

“अण्णा, मागे लोक थांबलेत.”

“थांबू देत. मंडळात नव्हते का थांबत?”

मास्तरांनी शिडी आणली. पुली खरोखरच सरकवावी लागली.

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. पहाटे अभ्यंगस्नान करून नरकासुर म्हणून पायाखाली काकडी चिरडली (कारीट इथे कुठून मिळणार), आणि संध्याकाळी दुरुस्तीची पेटी घेऊन गिऱ्हाइकांच्या फेरीला निघालो. त्या रात्री एडिसनमध्ये कंदील आणि कवट्या एकाच ओसरीवर टांगलेल्या दिसल्या. तिथेच एका मराठी घरातून नवीन काम आलं. त्यांना ड्राइव्हवेवर वेताळाची पालखी हवी होती. मूळचे कोकणातले, आजीच्या गोष्टीतली अमावास्येची मिरवणूक त्यांच्या डोक्यात पक्की बसलेली.

एवढं अवघड काम आम्ही आजवर घेतलं नव्हतं. चार भोई, आणि चौघांची पावलं एकाच वेळी पडून चालत नाहीत; तसं झालं तर भुतं कवायत करताहेत असं दिसतं. म्हणून एकाच लांब शाफ्टवर चार कॅम, एकमेकांपासून थोडे थोडे फिरवून बसवलेले. दांडा डुलायला हवा, पण खांद्यावरून सुटता कामा नये. पालखी चाचणीला उभी राहिली तेव्हा त्यांच्या मुलाने मशाली पाहिल्या आणि खऱ्याच हव्यात म्हणून हट्ट धरला. त्याला सांगितलं, एलईडीच्या मिळतील, वर नारिंगी कापड आणि खाली छोटा पंखा, आणि त्याही सप्टेंबरच्या आधी नाही.